एक-शून्य-एक : चिठ्ठीतल्या गोळ्या आणि आपला दिवस

मावशींनी कापडी पिशवी काउंटरवर उपडी केली आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्यातली बीपीची कुठली ती दावा. चक्कर येतीया. ती बंद करतो."

करवीर तालुक्यातल्या एका गावच्या या मावशी. बाजाराला कोल्हापुरात आल्या की माझ्या औषधाच्या दुकानात फेरी ठरलेली. वय पासष्टच्या आसपास, घरी दोन म्हशी, शुगर, बीपी, थायरॉईड आणि गुडघे. पिशवीतून अर्धवट कापलेल्या स्ट्रिपा निघाल्या, दोन डब्या निघाल्या, मळकट झालेली एक चिठ्ठी निघाली आणि कुठल्या तरी देवळातला अंगारा निघाला. अंगारा बाजूला ठेवून बाकीचं मोजलं. नऊ प्रकारची औषधं, दिवसाला अकरा गोळ्या. तीन डॉक्टरांनी दिलेल्या. तीन फायली, आणि त्या एकमेकींना कधीच भेटलेल्या नव्हत्या.

बीपीची गोळी शोधायला गेलो तर दोन सापडल्या. एक शुगर-बीपीच्या डॉक्टरांनी दिलेली टेल्मिसार्टनची. दुसरी गुडघ्याच्या दवाखान्यात, तिथं तपासताना बीपी जास्त निघालं म्हणून दिलेली. तिचं नाव वेगळं, रंग वेगळा, खोका वेगळा. पण स्ट्रिपच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचलं तर तीतही टेल्मिसार्टनच, शिवाय लघवीवाटे पाणी आणि मीठ काढून टाकणारं आणखी एक औषध. म्हणजे मावशी एकच औषध दोनदा घेत होत्या. उठताना डोळ्यांपुढं अंधारी येणार नाही तर काय होणार? त्यावर त्यांनी स्वतःचा तोडगा काढला होता: एक दिवस दोन्ही घ्यायच्या, एक दिवस दोन्ही बंद.

डॉक्टरांच्या भाषेत याला "औषधं नियमित न घेणारा रुग्ण" म्हणतात. काउंटरच्या अलीकडून बघितलं तर मला हा शब्द जरा अन्यायाचा वाटतो.

निम्मे लोक

जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली या विषयावर एक मोठा अहवाल काढला. त्यातला एक आकडा तेव्हापासून सगळीकडे सांगितला जातो: दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत ठरल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यांचं प्रमाण प्रगत देशांतसुद्धा सरासरी निम्म्याच्या आसपास आहे. जिथं विमा आहे, शिकलेली माणसं आहेत, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, तिथली ही गोष्ट. गरीब देशांत ते आणखी कमी असल्याचं त्याच अहवालात म्हटलं आहे. निम्मी माणसं एखाद्या गोष्टीत चुकत असतील तर खोट फक्त माणसांत आहे असं म्हणणं अवघड जातं.

आपल्याकडे हा प्रश्न किती घरांचा आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे १०.१ कोटी आणि उच्च रक्तदाबाचे ३१.५ कोटी लोक आहेत. हे दोन आजार बऱ्याचदा एकमेकांचा हात धरून येतात, त्यामुळं दोन्ही यादींत नाव असलेले पुष्कळ. त्यात रक्तातली चरबी, थायरॉईड, गुडघे, कधी हृदय, कधी मूत्रपिंड. एका आजाराची एक गोळी न चुकवणंही कठीण असतं. चार आजारांच्या अकरा गोळ्या बिनचूक घेणं त्याहून कठीण.

'औषध चुकतं' असं आपण सरसकट म्हणतो, पण ते तीन वेगळ्या ठिकाणी चुकतं. काहीजण चिठ्ठी घेऊन घरी जातात आणि गोळी सुरूच करत नाहीत. काही सुरू करतात, पण मधूनमधून गाळतात. आणि काही सहा महिने व्यवस्थित घेऊन एके दिवशी "आता रिपोर्ट नॉर्मल आलाय" म्हणून सोडून देतात. तिसऱ्या प्रकारातली माणसं मला जास्त भेटतात. त्यांचा हिशोब सरळ असतो: ताप उतरला की तापाची गोळी बंद करतो, मग बीपी उतरल्यावर बीपीची का नको? आता, तापाची गोळी काम संपवून जाते. बीपीची गोळी म्हणजे टेकू. भिंत सरळ दिसते ती टेकूमुळंच, आणि सरळ दिसतेय म्हणून टेकू काढला तर काय होईल हे गवंड्याला विचारायची गरज नाही.

दुखणारा गुडघा आणि गप्प बसणारं बीपी

मावशींच्या पिशवीत एक स्ट्रिप मात्र अगदी वेळेवर संपत आली होती. गुडघेदुखीची. ती त्यांनी एकदाही चुकवली नव्हती.

यात नवल नाही. गुडघा दुखतो, गोळी घेतली की तासाभरात उतार पडतो. शरीर लगेच पावती देतं. बीपी आणि शुगर वर्षानुवर्षं गप्प बसतात. त्यांची गोळी घेतली तरी बरं वाटत नाही, गाळली तरी वाईट वाटत नाही. उलट कधी कधी गाळलेल्या दिवशी बरंच वाटतं, कारण गॅस होत नाहीत आणि चक्कर येत नाही. म्हणजे ज्या गोळीची तब्येतीला जास्त गरज तिची पावती मिळत नाही, आणि जी गोळी कमीत कमी घ्यायची ती मात्र तल्लफ लागल्यासारखी आठवते.

इथं एक गाठ बसते, ती नीट समजून घ्या. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळं बीपी वाढतं. बीपीच्या गोळ्यांचा परिणाम त्या बोथट करतात. मूत्रपिंडाकडं जाणारा रक्तपुरवठाही त्या आवळतात. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखं बीपीचं औषध, लघवी वाढवणारं औषध आणि ही दुखण्याची गोळी, तिन्ही एकत्र आली तर मूत्रपिंडावर तिहेरी दाब येतो. उन्हाळ्यात, जुलाबात किंवा उलट्यांत अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर मूत्रपिंड अचानक संप पुकारू शकतं. मावशींच्या पिशवीत हे तीनही गडी एकत्र नांदत होते, आणि त्यातला तिसरा रोज, दिवसातून दोनदा.

पित्ताची गोळी कशाला होती? दुखण्याच्या गोळीनं पोटात जळजळ होते म्हणून. एका गोळीच्या त्रासासाठी दुसरी, असं पिशवीत बऱ्याचदा सापडतं, आणि पहिली बंद झाली तरी दुसरी वर्षानुवर्षं चालू राहते. ती बंद करा असं कुणी सांगितलेलंच नसतं.

एक-शून्य-एक कुणाच्या दिवसाचं?

चिठ्ठीवर १-०-१ असं लिहितात. सकाळी एक, दुपारी शून्य, रात्री एक. सुटसुटीत आहे, पण त्यात सकाळ म्हणजे कधी ते कुठं लिहिलेलं असतं?

मावशींची सकाळ साडेचारला. उठल्या की पहिला चहा, तोही दुधाचा, मग धारा, मग दूध संस्थेत दूध घालून येणं, शेणघाण, आणि न्याहारी नऊच्या पुढं. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली होती, ती त्या इमानानं उपाशीपोटी घेत होत्या. चहासोबत. त्यांच्या हिशोबी चहा म्हणजे काही खाणं नव्हे, आणि हे फक्त त्यांचंच मत नाही, निम्म्या कोल्हापूरचं आहे. पण थायरॉईडचं औषध साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढं निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, पोटात दुसरं काही जायला नको. चहा-कॉफीनं ते नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर त्याला धरूनच बसतात, त्यांच्यात चार तासांचं अंतर लागतं. मावशींची कॅल्शियमची गोळी कुठं होती? सकाळच्या ढिगात. सगळ्या एकदम घेतल्या की विसरायला होत नाही, हा त्यांचा विचार. विचार चुकीचा नाही, ढीग चुकीचा होता.

शुगरच्या गोळीची गत निराळी. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जेवण येवो न येवो. म्हणून ती जेवणाशी जोडायची, घड्याळाशी नाही. सकाळी सहाला घेतली आणि न्याहारी नऊला केली तर मधले तीन तास घाम, थरथर, धडधड, डोकं बधिर. याला साखर कमी होणं म्हणतात, आणि ते शुगर वाढण्यापेक्षा लवकर जीवावर बेततं. असा झटका एकदा आलेला माणूस पुढं त्या गोळीला घाबरतो आणि चोरून गाळायला लागतो. शुगरचंच दुसरं औषध, मेटफॉर्मिन, एकटं असेल तर असा झटका सहसा येत नाही. ते पोटाला त्रास देतं, म्हणून ते जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच.

बीपीच्या गोळीच्या वेळेबद्दल मात्र उगाच ताण घेऊ नका. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. बीपीच्या गोळ्या सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे, दोघांत हृदयविकार आणि पक्षाघाताच्या प्रमाणात फरक निघाला नाही. जी वेळ लक्षात राहते ती चांगली.

टाकी आणि नळ

एखादी गोळी चुकली तर कितपत बिघडतं, याचं उत्तर गोळीगणिक बदलतं. घरावरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढं आणा. नळ म्हणजे रोजची गोळी, आणि शरीर दिवसभर पाणी वापरत असतं. टाकी मोठी असेल तर एक दिवस पाणी आलं नाही तरी भागतं. छोटी असेल तर दुपारीच खडखडाट.

औषधाचं अर्धं प्रमाण शरीरातून ओसरायला किती वेळ लागतो त्यावरून टाकीचा आकार कळतो. थायरॉईडच्या गोळीला साधारण सात दिवस लागतात, म्हणजे टाकी चांगलीच मोठी. बीपीच्या ॲम्लोडिपिनला ३० ते ५० तास. एखादा दिवस चुकला तर ती सांभाळून घेते. बीपीच्याच साध्या मेटोप्रोलॉलला मात्र ३ ते ७ तासच.

पण टाकीचा आकार हा सगळा हिशोब नाही. काही औषधं अचानक बंद केली की शरीर उसळी घेतं. मेटोप्रोलॉलच्या जातीची औषधं एकदम सोडली तर हृदयाची गती आणि बीपी पूर्वीपेक्षा वर जाऊ शकतं, हृदयविकार असेल तर छातीत दुखण्यापर्यंत जातं. क्लोनिडिन या बीपीच्या औषधाचंही तसंच. फिटच्या गोळ्या आणि बरेच दिवस चालू असलेली स्टिरॉइडं मनानं थांबवायची नसतात. आणि हृदयात स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या हा वेगळाच विषय आहे. दात काढायचाय म्हणून, हातावर निळे डाग दिसले म्हणून, किंवा शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून त्या सोडल्या तर त्या स्प्रिंगमध्येच गुठळी होऊ शकते. दाताच्या डॉक्टरांना स्प्रिंगबद्दल सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी गाळू नका.

राहिला प्रश्न चुकलेल्या गोळीचा. बहुतेक रोजच्या गोळ्यांना चालणारा साधा नियम असा: त्याच दिवशी आठवली तर घ्या, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, आणि भरपाई म्हणून दोन एकदम कधीच घेऊ नका. शुगरची गोळी आठवली पण जेवण होऊन गेलंय, तर ती तशीच मागून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

"घेतो की रोज"

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "गोळ्या घेता ना वेळेवर?" समोरून उत्तर येतं, "घेतो की रोज." हे खोटं बोलणं आहे का? मला तसं वाटत नाही. बाहेर चाळीस माणसं बसलेली, आत मिळणार दोन मिनिटं, आणि डॉक्टर ओरडतील ही भीती. असल्या जागी खरं बोलायला धाडस लागतं.

गंमत अशी की भेटीच्या आधीचे चार-पाच दिवस माणसं खरोखरच गोळ्या नियमित घेतात. परदेशात बाटलीच्या झाकणात चिप बसवून, झाकण कधी उघडलं त्याची नोंद ठेवून, हे पाहिलेलं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास, दुसरं काय. उपाशीपोटीची शुगर अशा अभ्यासानं थोडीफार फसते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी फसत नाही. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळातली साखर त्यांच्या अंगाला चिकटत राहते. दोन दिवस भात सोडून ती निघत नाही.

मग घडतं ते असं. माणूस निम्म्या गोळ्या घेतोय. बीपी उतरत नाही. डॉक्टरांना वाटतं औषध कमी पडतंय, ते मात्रा वाढवतात किंवा आणखी एक गोळी देतात. चिठ्ठी लांबते, खर्च वाढतो, आणखी गोळ्या चुकतात. पुढं कधी हाच माणूस दुसऱ्या कशासाठी तरी दवाखान्यात भरती झाला की नर्स सगळ्या गोळ्या वेळेवर हातात ठेवते. घरी कधीच पोटात न गेलेलं पूर्ण औषध एकदम पोटात जातं आणि बीपी धाडकन खाली येतं. त्या एका "घेतो की" ची ही किंमत आहे. डॉक्टरांनी "घेता ना?" असं न विचारता "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?" असं विचारलं तर उत्तर बदलतं. मी काउंटरवर हल्ली तसंच विचारतो. लोक बोटांवर मोजून सांगतात.

न सांगितलेली कारणं

विसरणं हे कारण जगजाहीर आहे, म्हणून त्याबद्दल फार लिहीत नाही. मुद्दाम सोडलेल्या गोळ्यांबद्दल बोलू.

लघवीची गोळी. सोमवारी एसटीनं कोल्हापूरला, सीपीआर या सरकारी रुग्णालयात यायचं असलं की गावाकडच्या बायका ती सकाळी घेत नाहीत. दीड तासाचा प्रवास, मध्ये स्वच्छतागृह नाही, तिथं गेल्यावर रांग. त्या दिवशी बीपी तपासलं की वर गेलेलं असतं. ही गोळी घरी परतल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, एवढं विचारलं असतं तर बहुतेकदा काम झालं असतं, पण हे विचारायचं कुणाला?

कोरडा खोकला. रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी काहीजणांना ढास लागते. माणूस महिनाभर खोकल्याची बाटली पितो, मग कंटाळून सगळ्याच गोळ्या बंद करतो. खरं तर गोळी बदलली की ढास बहुतेकदा काही आठवड्यांत जाते. ॲम्लोडिपिननं घोटे सुजतात. संध्याकाळी कोल्हापुरी पायताण पायात जाईना झालं की ओळखावं, आणि सांगावं. यावरही उपाय आहे. पुरुषांची एक तक्रार मात्र काउंटरवर कधीच उघड येत नाही. दुकानात गर्दी ओसरेपर्यंत थांबून, आवाज खाली करून येते. बीपीच्या काही औषधांनी ती अडचण येऊ शकते, नुसत्या शुगर-बीपीनंही येते, आणि पर्याय असतात. डॉक्टरांना हे नवीन नसतं.

पैसा. महिनाअखेरीला "पूर्ण नको, पाच गोळ्या कापून द्या" हे वाक्य मी रोज ऐकतो. नवरा-बायको दोघांनाही एकच गोळी असेल तर एकाच स्ट्रिपवर दोघांचं भागवणं, उसाचं बिल येईपर्यंत दिवसाआड घेणं, हे सगळं चालतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळीचा खर्च तिच्यात बसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या मोफत मिळतात, त्यासाठी शासनाचा कार्यक्रमच आहे. जनऔषधी केंद्रात तेच औषध ब्रँडच्या गोळीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. औषधविक्रेता असून हे लिहितोय, माझ्या मुलाला कळलं तर तो बोलेल. पण अर्धी महाग गोळी खाण्यापेक्षा पूर्ण स्वस्त गोळी खाल्लेली बरी. फक्त नाव बदललं की जुनी स्ट्रिप घरातून काढून टाका, नाहीतर मावशींसारखं दोन नावांचं एकच औषध पोटात जातं. आणि स्ट्रिप कापून घेताना मुदतीची तारीख ज्या टोकाला आहे ते टोक मागून घ्या.

शिवाय "गोळीची सवय लागते" हा जुना समज. डोळ्याला चष्मा लागला म्हणून कुणी चष्म्याची सवय लागली असं म्हणत नाही.

नवरात्र आणि पंचगंगा

कोल्हापुरात ही दोन प्रकरणं स्वतंत्र सांगावी लागतात.

अंबाबाईच्या गावात नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणाऱ्या बायका घरोघरी आहेत, आणि त्यातल्या किती जणींना शुगर आहे ते माझ्या विक्रीवरून मला कळतं. काहीजणी उपवास म्हणून सगळ्याच गोळ्या बंद करतात. काहीजणी उलट, जेवण बंद आणि गोळ्या चालू. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू ठेवून पोट रिकामं ठेवणं धोक्याचं आहे हे वर आलंच. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर काढणारी नवी औषधं घेणाऱ्यांनी तर निर्जळी उपवास करूच नये. अंगातलं पाणी कमी होतं आणि रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, तोही कधी कधी शुगर फारशी वाढलेली नसताना. आणि साबुदाणा, वरी, रताळं खाऊन केलेल्या उपवासात साखर कमी न होता वाढते, हा तिसरा प्रकार. घटस्थापनेच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारलं तर मात्रा आणि वेळा बदलून देता येतात. बीपीची आणि थायरॉईडची गोळी पाण्याबरोबरची असते. तिनं उपवास मोडतो असं मला तरी कुठल्या भटजींनी सांगितलेलं नाही.

पुराचं वेगळं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये लोक घरातून निघाले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. कागदपत्रं घेतली, जनावरं सोडवली, गोळ्या फळीवर राहिल्या. निवारा केंद्रात डॉक्टर विचारणार, "कुठली गोळी?" आणि माणूस सांगणार, "पांढरी, बारकी." पांढऱ्या बारक्या गोळ्या शेकडो आहेत. म्हणून पावसाळा लागला की दोन गोष्टी करून ठेवा. चिठ्ठीचा आणि प्रत्येक स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो घरातल्या दोन वेगळ्या फोनांत असू द्या. आणि निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, आधारकार्डाच्या शेजारी. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, पण वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं साध्या थंडाव्यात, ३० अंशांच्या आत, सुमारे चार आठवडे टिकतात. वीज गेली म्हणून फेकू नका. मातीच्या माठात पाणी घालून त्यात कोरड्या डबीत ठेवली तरी थंडावा मिळतो. बर्फाला मात्र थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

पिशवी

तर मावशींची पिशवी. मी त्यातली एकही गोळी बंद केली नाही, तो माझा अधिकार नाही. एका कागदावर सगळ्या नऊ औषधांची यादी केली: नाव, आतलं औषध, कशासाठी, कुणी दिलं, खरंच कधी घेता. दोन टेल्मिसार्टनांखाली लाल रेघ, दुखण्याच्या गोळीखाली दुसरी. शुगर-बीपीच्या डॉक्टरांना फोन केला आणि मावशींना सांगितलं, हा कागद आणि ही अख्खी पिशवी त्यांच्यासमोर अशीच उपडी करा. चिठ्ठी दाखवू नका, पिशवी दाखवा. चिठ्ठीत काय द्यायला हवं ते असतं, पिशवीत खरं काय चाललंय ते.

त्यांना एक प्रश्नही शिकवून पाठवला: "ह्यातली कुठली बंद करता येईल?" आपण दवाखान्यात नेहमी नवीन गोळी मागायला जातो. जुनी काढून मागायला कुणी जात नाही.

डॉक्टरांनी अर्धा तास दिला म्हणे. टेल्मिसार्टन एकच राहिलं. दुखण्याची रोजची गोळी गेली, लागेल तशी पॅरासिटामॉल आली, त्यामुळं पित्ताचीही गेली. ताकदीची गोळी थांबवून रक्तातलं बी-१२ तपासायला सांगितलं, कारण मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं. अकराच्या सहा झाल्या.

मग त्या सहा गोळ्यांना जागा शोधायची होती. इथं घड्याळाचा गजर लावा, मोबाईलवर ॲप घ्या असं सांगून उपयोग नव्हता. मावशींच्या दिवसात जे कधीच चुकत नाही ते शोधलं. सण असो, पाहुणे असोत, अंगात ताप असो, म्हशींची धार चुकत नाही. थायरॉईडची गोळी धारेच्या आधी, साध्या पाण्याबरोबर. धारा, दूध संस्था, परत येणं यात तास जातोच, मग चहा. शुगरची पहिली आणि बीपीची न्याहारीच्या भाकरीशी. शुगरची दुसरी, चरबीची आणि कॅल्शियमची रात्रीच्या जेवणाशी. तीन जागा: गोठा, न्याहारी, रात्रीचं जेवण. नातीनं सात खणांच्या डबीवर वारांची नावं लिहून दिली. दर रविवारी तीच भरते, आणि खणात उरलेली गोळी दिसली की आजीला जाब विचारते. दमट हवेत खराब होणारी एक गोळी तेवढी स्ट्रिपमध्येच ठेवायला सांगितली, आणि शुगरची हळूहळू विरघळणारी गोळी मोडून किंवा चावून घ्यायची नाही हेही. शौचात कधी तिचं कवच दिसलं तर घाबरायचं नाही, औषध आत गेलेलं असतं. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर "गोळी पचतच नाही" म्हणून बंद होते.

थायरॉईडची गोळी कुठं ठेवली ते मी पुढच्या खेपेला विचारलं. म्हणाल्या, "गोठ्याच्या दारामागं, खुंटीला. डबीत. उंदरास्नी घावत न्हाई." चक्कर थांबली होती. गुडघा दुखतोच आहे, पूर्वीपेक्षा थोडा जास्तच, हेही त्यांनी सांगितलं, आणि त्यावर व्यायाम शिकायला त्यांना यायचं होतं, पण भांगलण चालू होती.

निघता निघता त्यांनी काखोटीची दुसरी पिशवी काउंटरवर ठेवली. पहिलीपेक्षा जड होती.

"मालकांची हाय," त्या म्हणाल्या. "बघून ठेवा. ते म्हंत्यात रोज घेतो. मला काय पटत न्हाई."